मिठात ‘सायनाइड’ असूनही आपल्याला काही का होत नाही? कोऑर्डिनेशन केमिस्ट्रीतले महत्त्वाचे शब्द, सोप्या भाषेत

घरातल्या मिठाची पुडी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच पुड्यांवर ‘अँटीकेकिंग एजंट’ असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे एक नंबर. काही पुड्यांवर हा नंबर ५३६ असतो. ५३६ म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड.

नावात ‘सायनाइड’ आहे म्हटल्यावर मेसेज फिरणारच. २०१९ मध्ये ‘भारतातल्या पॅकबंद मिठात विष’ अशा बातम्या आणि फॉरवर्ड मोठ्या प्रमाणावर फिरले होते. आजही ते अधूनमधून फॅमिली ग्रुपवर येत असतात. त्याला उत्तर म्हणून कुणीतरी लिहितं, ‘घाबरू नका, प्रमाण कमी असतं.’ ते खरं आहे, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं उत्तर रसायनशास्त्राच्या एका शाखेत आहे. तिचं नाव कोऑर्डिनेशन केमिस्ट्री. मराठी पुस्तकांत त्यासाठी ‘समन्वय संयुगं’ किंवा ‘जटिल संयुगं’ असे शब्द सापडतात. बारावी सायन्सला हा धडा असतो आणि बरेच जण तो पाठ करून विसरतात. पण गॅस गिझरमुळे होणारे मृत्यू, रक्ततपासणीची जांभळ्या टोपणाची ट्यूब, कॅन्सरचं औषध आणि बागेत फवारायचं मोरचूद, या सगळ्यांचा खुलासा याच धड्यात आहे.

चला तर मग, एकेक शब्द समजून घेऊया.

आधी मिठाचं गणित

भारतात मिठामध्ये पोटॅशियम फेरोसायनाइड घालायला परवानगी आहे. एफएसएसएआयच्या नियमानुसार त्याची मर्यादा एका किलोला १० मिलिग्रॅम आहे. समजा, एखादी व्यक्ती दिवसाला १० ग्रॅम मीठ खाते. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमपेक्षा कमी खा असं सांगते, म्हणजे हे दुप्पट झालं. तरी तिच्या पोटात दिवसाला ०.१ मिलिग्रॅम फेरोसायनाइड जाईल.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये फेरोसायनाइडची रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.०३ मिलिग्रॅम अशी ठरवली. ६० किलोच्या माणसासाठी ती १.८ मिलिग्रॅम होते. म्हणजे भरपूर मीठ खाल्लं तरी आपण या मर्यादेच्या साधारण अठराव्या भागावर असतो.

हे झालं प्रमाणाचं. आता दुसरा मुद्दा. पोटॅशियम सायनाइड आणि पोटॅशियम फेरोसायनाइड या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. पहिल्याचे काहीशे मिलिग्रॅम मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकतात. दुसऱ्यातही सायनाइड आहे, पण ते मोकळं नाही. ते लोहाला बांधलेलं आहे.

नुसतं मिसळलेलं आणि बांधलेलं, यात फरक काय?

तुरटीचं उदाहरण घ्या. तुरटीत पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेट असतं. ती पाण्यात टाकली की हे तिन्ही घटक सुटे होतात. पाण्याची तपासणी केली तर तिघंही वेगवेगळे सापडतात. स्फटिक असेपर्यंत एकत्र राहणाऱ्या आणि पाण्यात गेल्यावर विखुरणाऱ्या अशा पदार्थाला डबल सॉल्ट म्हणजे द्विक्षार म्हणतात.

पोटॅशियम फेरोसायनाइड पाण्यात टाकलं तर पोटॅशियम सुटं होतं. पण लोह आणि सायनाइड सुटे होत नाहीत. एक लोह आणि त्याच्याभोवतीचे सहा सायनाइड असा सात जणांचा गट पाण्यातही एकत्रच फिरतो. या गटाला कॉम्प्लेक्स म्हणतात आणि असा गट ज्यात असतो ते कोऑर्डिनेशन कंपाउंड.

पुस्तकात हा गट चौकोनी कंसात लिहिलेला असतो. परीक्षेपुरता वाटणारा हा कंस खूप काही सांगतो. कंसाच्या आत जे आहे ते एकमेकांना धरून आहे. कंसाबाहेर जे आहे ते पाण्यात मोकळं होतं. आतल्या भागाला कोऑर्डिनेशन स्फिअर म्हणतात, तर बाहेरच्या आयनला काउंटर आयन.

मिठातलं सायनाइड कंसाच्या आत आहे. मेसेज लिहिणाऱ्याने नाव वाचलं, कंस वाचला नाही.

लिगँड म्हणजे कोण?

कॉम्प्लेक्सच्या मधोमध एक धातू असतो. लोह, तांबं, कोबाल्ट, निकेल, प्लॅटिनम वगैरे. त्याला सेंट्रल मेटल म्हणतात. त्याच्याभोवती जे रेणू किंवा आयन जोडलेले असतात, ते लिगँड.

यांच्यातला बंध थोडा वेगळा असतो. नेहमीच्या सहसंयुज बंधात दोन्ही अणू एकेक इलेक्ट्रॉन देतात, म्हणजे निम्मी-निम्मी वर्गणी. इथे लिगँड इलेक्ट्रॉनची अख्खी जोडी देतो आणि धातू फक्त जागा देतो. याला कोऑर्डिनेट बंध म्हणतात. लिगँडमधला जो अणू प्रत्यक्ष जोडी देतो तो डोनर अणू. पाण्यात तो ऑक्सिजन असतो, अमोनियात नायट्रोजन, तर फेरोसायनाइडमध्ये सायनाइडचा कार्बन.

लिगँड व्हायला विद्युतभार लागतोच असं नाही. पाणी, अमोनिया आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यावर भार नसतो, तरी ते लिगँड आहेत. क्लोराइड आणि सायनाइड यांच्यावर ऋण भार असतो, तेही लिगँडच.

हे सगळं शोधलं कुणी?

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ एका कोड्याने हैराण झाले होते. कोबाल्ट क्लोराइडचे ‘पोट’ भरलेले असताना, म्हणजे कोबाल्टला तीन क्लोराइड जोडलेले असतानाही ते आणखी अमोनिया पकडत होतं. कधी सहा, कधी पाच, कधी चार. आणि दर वेळी रंग वेगळा. सहा अमोनियाचं संयुग केशरी-पिवळं, पाचाचं जांभळट, चाराचं हिरवं.

त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की मोकळं क्लोराइड पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतं. सहा अमोनिया असलेल्या संयुगातलं तिन्ही क्लोराइड खाली बसायचं. पाचवाल्यातलं दोनच. चारवाल्यातलं एकच. मग उरलेलं क्लोराइड जायचं कुठे?

१८९३ मध्ये आल्फ्रेड वर्नर नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने उत्तर दिलं. त्यांचा जन्म १८६६ मध्ये अल्सास प्रांतातल्या म्युलूझचा आणि पुढची कारकीर्द स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची. त्यांचं म्हणणं होतं की कोबाल्टला दोन प्रकारच्या गरजा असतात. एक भाराची, जी तीन क्लोराइडने भागते. दुसरी शेजाऱ्यांची, आणि कोबाल्टला नेहमी सहा शेजारी लागतात. अमोनिया सहा असतील तर सहाही जागा भरतात आणि तिन्ही क्लोराइड बाहेर मोकळे राहतात. अमोनिया पाचच असतील तर सहाव्या जागेवर एक क्लोराइड येऊन बसतो. आत बसलेला क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटच्या हाती लागत नाही.

लक्षात घ्या, इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. म्हणजे वर्नर यांनी हे मांडलं तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीतच नव्हता. १९१३ मध्ये त्यांना याच कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

कोऑर्डिनेशन नंबर: किती जागा आहेत?

धातूला किती डोनर अणू जोडलेले आहेत, तो आकडा म्हणजे कोऑर्डिनेशन नंबर. सहा आणि चार हे सर्वांत जास्त दिसणारे आकडे.

आकड्यावरून आकाराचा अंदाज येतो. सहा असेल तर बहुतेक वेळा अष्टफलक, म्हणजे वर एक, खाली एक आणि मधल्या पातळीवर चौघं. चार असेल तर दोन शक्यता असतात. चौघं एकाच पातळीत चौकोनाच्या कोपऱ्यांवर बसतात किंवा चार बाजूंना पसरून चतुष्फलक बनवतात. दोन असेल तर सरळ रेषा.

हा बदल घरातही पाहता येतो. नव्या बॅगेत किंवा औषधाच्या डबीत येणाऱ्या काही सिलिका जेलच्या पुड्यांत निळे दाणे असतात. त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. दाणे कोरडे असताना कोबाल्टभोवती क्लोराइड असतात आणि रंग निळा दिसतो. हवेतला ओलावा शोषला की पाण्याचे रेणू जागा घेतात, सहा शेजारी होतात आणि दाणे गुलाबी पडतात. दाणे गुलाबी झाले म्हणजे त्यांची ओलावा शोषायची ताकद संपत आली. कोबाल्ट क्लोराइड विषारी असल्याने हे निळे दाणे मुलांच्या हाती लागू देऊ नका.

ऑक्सिडेशन नंबर आणि लांबलचक नावं

पोटॅशियम फेरोसायनाइडचं शास्त्रीय नाव आहे पोटॅशियम हेक्झासायनिडोफेरेट (२). हे नाव तोडून वाचलं तर सोपं आहे:

- पोटॅशियम: कंसाबाहेरचा आयन
- हेक्झा: सहा
- सायनिडो: लिगँड सायनाइड आहे (जुन्या पुस्तकांत ‘सायनो’)
- फेरेट: मधला धातू लोह आहे आणि गटावर एकूण ऋण भार आहे
- (२): लोहाचा ऑक्सिडेशन नंबर, जो पुस्तकात रोमन आकड्यात लिहितात

ऑक्सिडेशन नंबर म्हणजे लिगँड आपापले इलेक्ट्रॉन घेऊन निघून गेले, तर धातूवर उरेल तो भार. इथे लोह अधिक २, सहा सायनाइड मिळून उणे ६. बेरीज उणे ४. म्हणून बाहेर अधिक १ भाराचे चार पोटॅशियम लागतात.

लोह अधिक ३ असेल तर बेरीज उणे ३ होते आणि पदार्थही बदलतो. त्याला फेरीसायनाइड म्हणतात. फेरोसायनाइडचे स्फटिक पिवळे असतात, फेरीसायनाइडचे लाल. ‘फेरो’ आणि ‘फेरी’मधल्या एका काना-मात्रेमागे एक इलेक्ट्रॉन असतो.

रंग कुठून येतो?

द्राक्षबागायतदारांना आणि कोकणातल्या सुपारीवाल्यांना मोरचूद नवीन नाही. बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर तेच पडतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचा निळा रंग तांब्याचा आहे असं आपण समजतो. पण मोरचूद तापवलं की ते पांढरं पडतं. तांबं आहे तिथेच असतं, गेलेलं असतं फक्त पाणी.

मोरचुदाच्या स्फटिकात दर तांब्यामागे पाण्याचे पाच रेणू असतात. त्यातले चार थेट तांब्याला लिगँड म्हणून जोडलेले असतात, पाचवा बाजूला अडकलेला असतो. पाणी परत घातलं की निळा रंग परत येतो. अमोनिया जास्त घातला तर पाण्याची जागा अमोनिया घेतो आणि रंग गडद निळा होतो.

यामागचं कारण थोडक्यात असं. या धातूंच्या बाहेरच्या भागात ‘डी’ नावाच्या पाच ऑर्बिटल असतात. धातू एकटा असताना पाचही सारख्या ऊर्जेच्या असतात. लिगँड जवळ आले की त्यांचे दोन गट पडतात, काही खाली आणि काही वर. खालचा इलेक्ट्रॉन वर जाण्यासाठी प्रकाशातला ठरावीक रंग शोषून घेतो. उरलेला रंग आपल्याला दिसतो. याला क्रिस्टल फील्ड थिअरी म्हणतात आणि हान्स बेथे यांनी १९२९ मध्ये तिचा पाया घातला. जस्तामध्ये या पाचही ऑर्बिटल भरलेल्या असतात, वर जायला जागाच नसते. म्हणून जस्ताची बहुतेक संयुगं पांढरी.

कोणता लिगँड हे अंतर किती वाढवतो, त्यानुसार लिगँडची एक यादी आहे. तिला स्पेक्ट्रोकेमिकल सिरीज म्हणतात. यादीच्या दुबळ्या टोकाला क्लोराइडसारखे लिगँड आहेत, मध्ये पाणी, त्यापुढे अमोनिया. अगदी ताकदवान टोकाला दोघं शेजारी-शेजारी बसलेत: सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइड.

ही शेजारशेजारची जागा लक्षात ठेवा. पुढचा भाग त्याबद्दलच आहे.

बाथरूममधला लिगँड

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हेसुद्धा एक कॉम्प्लेक्सच आहे. त्याच्या एका रेणूत चार लोह असतात. प्रत्येक लोहाला सहा जागा. चार जागा हीम नावाच्या सपाट कड्यातल्या नायट्रोजननी धरलेल्या, पाचवी प्रथिनातल्या नायट्रोजनने. सहावी जागा मोकळी. फुप्फुसात ऑक्सिजन त्या जागेवर बसतो आणि शरीरात जिथे गरज असेल तिथे उतरतो.

ही व्यवस्था चालते कारण ऑक्सिजन सैल धरलेला असतो. घट्ट धरला असता तर तो सुटलाच नसता.

कार्बन मोनॉक्साइड नेमकं हेच करतो. तो लोहाला इलेक्ट्रॉनची जोडी देतो आणि लोहाकडून थोडे इलेक्ट्रॉन परतही घेतो. या दुहेरी व्यवहारामुळे बंध घट्ट होतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त ताकदीने चिकटतो. त्यामुळे हवेत थोडासा कार्बन मोनॉक्साइड असला तरी सहावी जागा तोच बळकावतो.

गॅस गिझर लहान, बंद बाथरूममध्ये चालू असेल तर हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडीही तेच करते. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि पुढे शुद्ध हरपते.

इथे एक गोष्ट प्रत्येकाला माहीत असायला हवी. अशा वेळी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर फसवतो. कोविडनंतर अनेक घरांत तो आहे. ऑक्सिमीटर रक्ताचा रंग मोजतो. ऑक्सिजन बसलेलं हिमोग्लोबिन लालभडक असतं आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेलंही लालभडकच असतं. साध्या ऑक्सिमीटरला दोघांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतानाही स्क्रीनवर ९८ दिसू शकतं. आकडा चांगला आहे म्हणून थांबू नका.

मग करायचं काय? शक्य असेल तर गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गिझर किंवा शेगडी चालू होती हे आवर्जून सांगा. हॉस्पिटलमध्ये शुद्ध ऑक्सिजन देतात, त्यामागेही हेच रसायनशास्त्र आहे. लिगँडची अदलाबदल सतत चालू असते. ऑक्सिजनचं प्रमाण खूप वाढवलं की तो हळूहळू कार्बन मोनॉक्साइडला हुसकावून लावतो. साध्या हवेत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ४ ते ६ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास.

आता सायनाइडकडे परत येऊ. मोकळं सायनाइड विषारी का असतं? तेही लोहालाच पकडतं म्हणून. पेशींमध्ये ऑक्सिजन वापरणारं एक एन्झाइम असतं, त्यातल्या लोहाला ते घट्ट धरतं आणि पेशींचा श्वास बंद पडतो. म्हणजे लोहाला न सोडण्याचा जो गुण सायनाइडला विष बनवतो, तोच गुण मिठातल्या फेरोसायनाइडला निरुपद्रवी बनवतो. तिथे सायनाइडने आधीच एक लोह धरलेलं असतं. आपल्या लोहाला धरायला ते मोकळंच नसतं.

स्थिर म्हणजे किती स्थिर?

कॉम्प्लेक्स किती घट्ट आहे हे मोजायला स्टॅबिलिटी कॉन्स्टंट नावाचा आकडा वापरतात. तो जितका मोठा, तितका गट फुटण्याची शक्यता कमी. फेरोसायनाइडसाठी हा आकडा १ वर ३५ शून्यं इतका किंवा त्याहूनही मोठा आहे.

पण घट्टपणा आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या कॉम्प्लेक्समधले लिगँड पटापट बदलतात त्याला लेबाइल म्हणतात, जिथे बदल फार सावकाश होतो त्याला इनर्ट. वर्नर यांचं सहा अमोनियावालं कोबाल्ट ॲसिडमध्ये फुटायला हवं, हिशेब तसंच सांगतो. तरी ते अनेक दिवस तसंच राहतं, कारण ते इनर्ट आहे. उलट चार सायनाइडवालं निकेल अतिशय स्थिर आहे, पण त्यातले सायनाइड बाहेरच्या सायनाइडशी भराभर जागा बदलत असतात. फेरोसायनाइड स्थिरही आहे आणि इनर्टही.

म्हणून ‘कॉम्प्लेक्समधलं सायनाइड म्हणजे सुरक्षित’ असा सरसकट नियम करू नका. जस्ताबरोबरचं सायनाइड साध्या ॲसिडमध्येही सुटतं. फेरोसायनाइडसुद्धा तीव्र ॲसिडमध्ये तापवलं तर विषारी हायड्रोजन सायनाइड सोडतं. पोटातलं ॲसिड आणि शरीराचं तापमान त्यासाठी पुरेसं नसतं, पण प्रयोगशाळेत ही काळजी घ्यावीच लागते.

आणखी एक उदाहरण. शाकाहारी लोकांना डॉक्टर बऱ्याचदा बी-१२ च्या गोळ्या देतात. पाकिटावर ‘सायनोकोबालामिन’ लिहिलेलं दिसेल. म्हणजे कोबाल्ट आणि त्याला जोडलेलं एक सायनाइड. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीत ते २० मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतं. हे सायनाइड शरीरात सुटतंही, पण इतक्या कमी सायनाइडचा निचरा शरीर सहज करतं. गंमत म्हणजे सायनाइडच्या विषबाधेवर बी-१२ चाच भाऊबंद, हायड्रॉक्सोकोबालामिन, औषध म्हणून देतात. त्यातला कोबाल्ट मोकळं सायनाइड पकडतो, त्याचं सायनोकोबालामिन होतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं.

चिलेट: खेकड्याची पकड

काही लिगँड एकाच जागी जोडले जातात. त्यांना मोनोडेंटेट म्हणतात, म्हणजे एकदाती. काही रेणू एकाच वेळी दोन, तीन किंवा सहा ठिकाणी धातूला धरतात, ते पॉलिडेंटेट. अशा पकडीतून जे कडं तयार होतं त्याला चिलेट म्हणतात. हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

चिलेट जास्त घट्ट का असतो? एका हाताने धरलेली वस्तू हात सुटला की पडते. सहा हातांनी धरली असेल तर एक हात सुटला तरी पाच धरून असतात आणि सहावा परत पकडतो.

सर्वांत प्रसिद्ध चिलेट करणारा रेणू म्हणजे ईडीटीए. तो सहा ठिकाणी धरतो. सीबीसीसाठी रक्त घेताना जांभळ्या टोपणाची जी ट्यूब वापरतात, तिच्यात ईडीटीए असतं. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून ट्यूबमधलं रक्त गोठत नाही. चुनखडीच्या जमिनीत पिकं पिवळी पडतात तेव्हा शेतकरी ‘चिलेटेड’ लोह विकत घेतात, तेही याचसाठी. मोकळं लोह अशा जमिनीत अडकून पडतं, नांगीतलं लोह पिकापर्यंत पोचतं.

शिशाच्या विषबाधेतही ईडीटीए देतात. पण इथे नावातला एक शब्द जीवनमरणाचा असतो. औषध आहे कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. त्याच्या नांगीत आधीच कॅल्शियम असतं. ते कॅल्शियम सोडून शिसं पकडतं. नुसतं डायसोडियम ईडीटीए दिलं तर त्याची नांगी रिकामी असते आणि ती रक्तातलंच कॅल्शियम ओढून घेते. कॅल्शियम एकदम घसरलं की हृदय बंद पडू शकतं. २००३ ते २००५ या काळात अमेरिकेत चिलेशन थेरपीनंतर कॅल्शियम घसरून दोन लहान मुलं आणि एका महिलेचा मृत्यू झाल्याची नोंद तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे सीडीसीने केली आहे. ‘शरीरातले टॉक्सिन्स काढा’ म्हणत चिलेशनची जाहिरात करणारी रील दिसली, तर हे आठवा. नांगी टॉक्सिन आणि गरजेचा धातू असा भेद करत नाही.

आयसोमर: तेच अणू, वेगळी जागा

वर्नर यांच्या सिद्धांतातून एक भाकीत निघत होतं. चार अमोनिया आणि दोन क्लोराइड असतील तर दोन रूपं असायला हवीत. क्लोराइड एकमेकांच्या शेजारी किंवा समोरासमोर. हिरवं रूप माहीत होतं, दुसरं सापडत नव्हतं. १९०७ मध्ये वर्नर यांनी ते बनवलं. ते जांभळं निघालं.

सूत्र तेच, पण मांडणी वेगळी, अशा जोडीला आयसोमर म्हणतात. शेजारी असतील तर सिस, समोरासमोर असतील तर ट्रान्स.

याचं सर्वांत मोठं उदाहरण कॅन्सर वॉर्डात आहे. सिसप्लॅटिनमध्ये एक प्लॅटिनम, दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड असतात, दोन्ही क्लोराइड शेजारी. पेशीत गेल्यावर क्लोराइड निघतात आणि त्या शेजारच्या दोन जागांवरून प्लॅटिनम डीएनएला धरतो. डीएनए वाकतो आणि कॅन्सरच्या पेशीला पुढे वाढता येत नाही. क्लोराइड समोरासमोर असलेल्या ट्रान्सप्लॅटिनला तशी पकड घेता येत नाही आणि औषध म्हणून त्याचा उपयोग होत नाही.

हे संयुग एकोणिसाव्या शतकातच तयार झालं होतं. पण ते पेशींची वाढ थांबवतं हे अमेरिकेतल्या बार्नेट रोझेनबर्ग यांच्या लक्षात आलं १९६५ मध्ये, तेही जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासताना. त्यांच्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून थोडं प्लॅटिनम विरघळत होतं आणि तेच परिणाम घडवत होतं. १९७८ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. तोंडाच्या आणि गळ्याच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनबरोबर आजही ते दिलं जातं.

थोडक्यात लक्षात ठेवायचे शब्द

- सेंट्रल मेटल: कॉम्प्लेक्सच्या मधला धातू
- लिगँड: धातूला इलेक्ट्रॉनची जोडी देणारा रेणू किंवा आयन
- डोनर अणू: लिगँडमधला प्रत्यक्ष जोडणारा अणू
- कोऑर्डिनेशन स्फिअर: चौकोनी कंसातला, एकत्र राहणारा गट
- काउंटर आयन: कंसाबाहेरचा, पाण्यात सुटा होणारा आयन
- कोऑर्डिनेशन नंबर: धातूला जोडलेल्या डोनर अणूंची संख्या. ईडीटीए एकटं असलं तरी ते सहा जागा धरतं, म्हणून मोजायचे ते अणू, लिगँड नव्हे
- ऑक्सिडेशन नंबर: लिगँड आपले इलेक्ट्रॉन घेऊन गेले तर धातूवर उरणारा भार
- डबल सॉल्ट: पाण्यात पूर्ण विखुरणारा क्षार, उदा. तुरटी
- चिलेट: एकाच लिगँडने अनेक ठिकाणी धरल्यामुळे तयार होणारं कडं
- स्टॅबिलिटी कॉन्स्टंट: कॉम्प्लेक्स किती घट्ट आहे याचं माप
- लेबाइल आणि इनर्ट: लिगँड पटापट बदलणारं आणि सावकाश बदलणारं
- आयसोमर: सूत्र तेच, मांडणी वेगळी

पुढच्या वेळी एखाद्या पदार्थात ‘सायनाइड’, ‘शिसं’ किंवा ‘केमिकल’ असल्याचा मेसेज आला तर तीन प्रश्न विचारा. किती आहे? कशाला बांधलेलं आहे? आणि ते शरीरात सुटतं का? मिठाच्या बाबतीत तिन्ही उत्तरं दिलासा देणारी आहेत. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या बाबतीत तशी नाहीत. फॅमिली ग्रुपवर काही फॉरवर्ड करायचंच असेल, तर ऑक्सिमीटरबद्दलची माहिती करा.